ऑलिव्हचा रांजण

ऑलिव्हचं झाड आमच्या घरी आलं ते अण्णांच्या सायकलच्या कॅरियरवर, बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात बसून. डबा सुतळीनं जखडलेला, वरून ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि फडक्यातून दोन हात उंचीची एक काटकी वर आलेली. काटकीला अरुंद, राखाडी हिरवी पानं होती. उलटी केली की पाठ चंदेरी. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो आणि शाळेच्या वाचनालयातलं हाताला लागेल ते वाचून काढत होतो, त्यामुळे या झाडाशी माझी पुस्तकी ओळख होती. महापूर, चोचीत डहाळी धरून आलेलं कबुतर, तह करायला निघालेले राजे. एवढा लौकिक असलेलं झाड प्रत्यक्षात इतकं किरकोळ असेल असं वाटलं नव्हतं. आत्या ओसरीवर मासे साफ करत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "दामू, कण्हेर आणायला बोईसरला जावं लागतं? आपल्या कुंपणाला काय कमी हाय?"

"अक्का, ही कण्हेर नाय," अण्णा सायकल भिंतीला टेकवत म्हणाले. "शांततेचं झाड हाय. दिल्लीचे पाहुणे याला पाणी घालणार."

"मग तोवर कोण घालणार?"

या प्रश्नात पुढचं सगळं होतं, पण आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

हल्ली ऑलिव्हची फळं पालघरच्या दुकानातही काचेच्या बाटलीत मिळतात. मागे नातसुनेनं एक माझ्या ताटात ठेवलं. औषधाच्या कपाटात वर्षभर विसरलेल्या आवळ्यासारखी चव होती. ज्या फळासाठी आमच्या घरात एवढं झालं ते निदान गोड तरी असायला हवं होतं, असं मला उगाचच वाटून गेलं.

अण्णा प्रकल्पाच्या वसाहतीत बागेचं काम बघत. किनाऱ्यावर खडक फोडून अणुविजेचं मोठं केंद्र उभं राहत होतं, आणि ते उभं राहायच्या आधी त्याच्या अधिकाऱ्यांसाठी बंगले आणि बंगल्यांपुढची हिरवळ उभी राहिली होती. त्या हिरवळीवर अण्णा रोजंदारीवर होते. आमचं मूळ घराणं पानमळ्याचं. भावकीच्या वाटण्यांत मळा गेला आणि अण्णांकडे राहिलं ते फक्त मळ्याचं शहाणपण. पानवेलीला पाणी सारखं लागतं, पण पायाशी उभं राहिलेलं पाणी तिला एका रात्रीत मारतं, हे त्यांनी मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. हे झाड परदेशातून आलेल्या एका गोऱ्या इंजिनियरच्या बाईनं भेट दिलेलं. केंद्राच्या समारंभात ते पाहुण्यांच्या हस्ते ठेवायचं ठरलं होतं. वसाहतीत सिमेंटची धूळ आणि शेळ्या, म्हणून समारंभापर्यंत ते अण्णांनी घरी सांभाळावं, असा हुकूम झाला. झाड नीट जगलं तर अण्णांना कायम करू, असं बागेच्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. कायम झालेल्या माणसाच्या बायकोला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवायची चिठ्ठी मिळत असे. आम्हाला हवी होती ती चिठ्ठी. बाकी शांतता वगैरे दिल्लीकडे राहिली असती तरी आमची तक्रार नव्हती.

कारण आईच्या अंगात पाणी होत होतं. आधी पावलांवर सूज आली, मग पिंढऱ्यांवर, मग पोट वाढलं. पालघरच्या डॉक्टरांनी एकदा जाड सुई घालून बादलीभर पाणी काढलं. पंधरा दिवस ती हलकी होऊन घरभर फिरली, आणि पुन्हा हळूहळू भरली. डॉक्टर म्हणाले, असं कितीदा काढणार, मूळ कुठं आहे ते मुंबईला बघायला हवं. आईची खाट ओसरीकडच्या खिडकीशी हलवली होती. तिथून तिला अंगण, कुंपण, आणि घिवलीहून बोईसरच्या बाजाराला जाणाऱ्या कोळणींची वाट दिसे.

डॉक्टरांनी तिला मीठ वर्ज्य केलं. आत्यानं त्याच दिवशी सगळ्या घराचं मीठ बंद केलं. "एकीनं अळणी गिळायचं आणि बाकीच्यांनी बोटं चाटायची, असं या घरात व्हायचं नाय," ती म्हणाली, आणि मिठाची बरणी फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. खारवलेली सुकी मासळी बंद, लोणचं बंद, पापड बंद. समुद्र हाकेच्या अंतरावर, वाऱ्यानं दाराच्या कड्यांना खारट गंज चढलेला, आणि आम्ही तांदळाची भाकरी अळणी बोंबलांच्या कालवणाशी खात होतो. घरात तेव्हा बोलणं कमीच असे. आवाज सगळे बाहेरचे. सकाळी खडीच्या यंत्राचा, दुपारी आधी भोंग्याचा आणि मग सुरुंगाचा. सुरुंग झाला की मांडणीवरची भांडी एकदा किणकिणत, आणि आई डोळे न उघडता म्हणे, "झालं जेवण त्यांचं." आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली. अण्णांहून सात-आठ वर्षांनी मोठी. घर तिच्याच हातात होतं, आणि आईला ती नावानंच हाक मारी, पण रोज सकाळी आईचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन तेल चोळायला बसे. त्या वेळी दोघी बोलत त्यातलं मला फारसं ऐकू येत नसे. मधूनच हसू मात्र ऐकू येई.

झाड कशात लावायचं यासाठी वसाहतीत समिती नेमली गेली होती. एका झाडाच्या कुंडीसाठी पाच माणसं तीनदा भेटली. अण्णा जेवताना त्याची हकिकत सांगत आणि आई खाटेवरून ऐके. एकाचं म्हणणं, पितळी घंगाळ घ्यावं, फोटोत चमकेल. दुसऱ्याला सिमेंटचा हौद हवा होता, कारण सिमेंट पडलेलंच होतं. तिसऱ्यानं एका पारशी बंगल्यातली पांढरी चिनी मातीची बरणी सुचवली. तीत सरका, म्हणजे व्हिनेगर, राहत असे आणि अजूनही तिचा वास येई. "आणि तुमी काय म्हटलंत?" आईनं विचारलं. "मी म्हटलं, याला मातीचंच पात्र हवं. माती श्वास घेते. तोंड रुंद, पोट खोल, आणि बुडाला भोक." "मग?" "मग साहेब म्हणाले, भोकातून चिखल गळेल, पाहुण्यांच्या बुटांवर पडेल." आई इतकी हसली की तिला धाप लागली, आणि आत्यानं अण्णांकडे डोळे वटारून बघितलं. शेवटी भांडं मातीचं आणि घोटीव लाल असावं, त्यावर एकही चीर नसावी, असा ठराव झाला. भोकाबद्दल ठरावात काही नव्हतं. समित्यांना बूड बघायची सवय नसते, हे मला पुढे नोकरीत पुष्कळदा दिसलं.

एका रविवारी अण्णा मला घेऊन सफाळ्याला कुंभाराकडे गेले. स्टेशनपासून भाताच्या कापलेल्या शेतांतून चालत जावं लागलं. कुंभार म्हातारा होता, एका डोळ्यानं अधू, आणि आपली भांडी विकायची त्याला फारशी घाई दिसली नाही. अण्णा एकेका भांड्याला बोटाच्या पेरानं टिचकी मारून कान देत होते. कच्चं भाजलेलं बद्द वाजतं, चीर गेलेलं घोगरं वाजतं. त्यांनी मलाही वाजवायला लावलं. बुडाला भोक असलेल्या कुंड्या होत्या, पण हातभर उंचीच्या, जास्वंद आणि तुळशीपुरत्या. मोठं म्हणावं असं फक्त पाणी साठवायचे रांजण होते. त्यांतला एक रुंद तोंडाचा, कमरेइतका, तळाकडे अलगद निमुळता होत गेलेला होता. त्याला टिचकी मारली तर देवळातल्या लहान घंटेसारखा आवाज आला आणि बराच वेळ राहिला.

"हाच," अण्णा म्हणाले. "याला भोक पाडून द्याल?"

"रांजनाला?" कुंभारानं आपला चांगला डोळा अण्णांकडे वळवला. "वली माती आसती तर मी पाडलं आसतं. आता भाजलाय. घरी पाडा, खिळा लावून, हळूहळू, पानी मारत." मग त्यानं विचारलं, "घरात कोन दुखनाईत नाय ना?"

"नाय," अण्णा म्हणाले.

मी अण्णांना खोटं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. परतीच्या गाडीत रांजण आमच्या दोघांच्या मधे, गवताच्या पेंढीवर बसला होता आणि आम्ही दोघंही बोईसर येईपर्यंत त्याच्यावर हात ठेवून होतो.

आत्याला काही सांगावं लागलं नाही. बैलगाडीतून रांजण उतरला, अण्णांनी खुंटीवरची पिशवी काढून खिळा आणि हातोडी काढली, आणि ती स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली.

"काय करतोस?"

"भोक पाडतो. नायतर झाड कुजेल."

"पाण्याच्या मडक्याला कधी भोक पाडतात, दामू, ठाऊक हाय ना तुला?" तिनं आवाज खाली आणला, कारण खिडकी जवळ होती. "खांद्यावर घेऊन फिरताना पाडतात. चितेभोवती. सुमती आत पडलीय, आणि तू दारात बसून मडकं फोडणार?"

"अक्का, रांजण हाय हा. झाडाचा हाय."

"पाणी भरायला केला की पाण्याचाच. झाडाचं नाव सांगून काय व्हतंय?"

"डॉक्टरांनी तिच्या पोटाला भोक पाडलं, तेव्हा तू दिवा धरून उभी व्हतीस."

"माणसाचं भोक बुजतं," आत्या म्हणाली. "मडक्याचं बुजत नाय."

अण्णा शिकलेले होते, वर्तमानपत्र वाचत, ग्रहणात पोटभर जेवत. त्यांच्याजवळ याला दहा उत्तरं होती. पण ते ओसरीच्या पायरीवर बसून राहिले आणि बऱ्याच वेळानं त्यांनी हातोडी पुन्हा पिशवीत घातली. मी त्यांच्यावर चिडलो होतो. आता तेव्हाच्या त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी मोठा झाल्यावर कळतं, की ज्या माणसाला एकच गोष्ट हवी आहे तो तिच्यासाठी शहाणपणही सोडतो. त्यांनी रांजणाच्या तळाशी हातभर विटांचे तुकडे घातले, वर रेती, वर माती, आणि झाड लावून तो ओसरीवर, तीन विटांवर, खिडकीसमोर ठेवला. "पाणी मोजून घालू," ते म्हणाले. "आठवड्यातून दोनदा, एक तांब्या. बाकी कोणी हात लावायचा नाय."

पण हात लागायचे राहिले नाहीत. अण्णा कामावर गेले की घिवलीच्या कोळणी टोपल्या डोक्यावर घेऊन आमच्या कुंपणाशी थांबत. हिराबाई म्हणून एक होती, तिनं पहिल्या दिवशी विचारलं, "ह्यो काय लावलाय गो, आक्का?" आत्यानं सांगितलं, देवाधर्माचं झाड हाय, लांबून बोटीतून आलंय, भांडणं मिटवतं. "बोटीतून आलं काय?" हिराबाई टोपली खाली ठेवून म्हणाली. ज्यांची माणसं बोटीवर असतात त्यांना एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी रांजणाच्या काठावर हळदकुंकू होतं. तिसऱ्या दिवसापासून जाता-येता कोणी ना कोणी ओंजळभर पाणी घालून जाऊ लागली. "इलायती तुळस," त्या म्हणत. आणि आत्या स्वतः रोज आंघोळ करून, ओल्या केसांनी, ओठ हलवत रांजणात पूर्ण तांब्या ओतायची. ती काय मागत होती हे विचारायची गरज नव्हती. मी अण्णांना सांगितलं. ते आत्याला काही बोलले नाहीत. एकदा बोलून हरलेला माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही.

महिन्याभरात पानं पिवळी पडली. मग गळू लागली. सकाळी रांजणाच्या मातीवर दहा-बारा पडलेली असत, चंदेरी पाठ वर करून. मातीला साचलेल्या डबक्याचा वास यायला लागला. समारंभ एकदा पुढे गेला, मग पुन्हा एकदा. साहेब एकदा मोटारीतून येऊन झाड बघून गेले आणि अण्णांना म्हणाले, "बघा हं, तुमच्यावर टाकलंय." आईची सूज आता मांड्यांपर्यंत होती. तिला आडवं पडता येत नव्हतं. पाठीशी गाद्यांची उतरंड लावून ती बसलेलीच असायची, तोंड खिडकीकडे.

एका दुपारी आत्या धुणं घेऊन तळ्यावर गेली होती. मी ओसरीवर अभ्यासाचं पुस्तक उघडून बसलो होतो. आईनं आतून हाक मारली.

"रघू, आज किती पडली?"

"काय?"

"पानं रे. मी सतरा मोजली. एक मागच्या बाजूला पडलं असेल तर अठरा."

मी उठून बघितलं. मागच्या बाजूला दोन होती.

"त्याला माझंच दुखणं लागलंय," ती म्हणाली. "खालून वाट नाय, आणि वरून सगळे पुण्य ओततायत." ती थोडा वेळ श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "अण्णांच्या पिशवीत खिळा हाय. भोक पाड त्याला."

मी ती दोन पानं उचलून हातात घेतली. मला वाटतं मी तिच्याकडे बघतही नव्हतो.

"भितोस काय? एवढी पुस्तकं वाचतोस ती कशाला?"

"आत्या म्हणते..."

"आत्या काय म्हणते ते मी ऐकलंय. ती समजते मला ऐकू जात नाय. मडक्याला भोक पडलं म्हणून माणूस मरत असता तर कुंभाराच्या घरी कोण उरलं असतं?" मग जरा हळू आवाजात, "झाड मेलं तर तुझ्या अण्णांचं तोंड मला बघवणार नाय. ते जगलं तर चिठ्ठी येईल. मला मुंबई बघायचीय. जा. भोंगा व्हायच्या आत कर."

मी खिळा आणला. हातोडीचा आवाज वाटेवर जाईल म्हणून किनाऱ्यावरचा एक गुळगुळीत धोंडा घेतला. रांजण हलवणं शक्यच नव्हतं, म्हणून तळापासून चार बोटं वर, बाजूलाच जागा धरली. भिजून भिजून माती तिथं मऊ झाली होती. टक्. टक्. टक्. मी दर दोन ठोक्यांनी थांबत होतो, आणि थांबलो की खिडकीतून आई म्हणायची, "अजून." किती ठोके पडले ते तिनं मोजले असतील, मी नाही. मग खिळा एकदम आत गेला. तो ओढून काढला तशी काळ्या पाण्याची बोटाएवढी धार माझ्या गुडघ्यावर आली. तो वास मी अजून ओळखू शकेन. धार ओसरीच्या कडेनं, पायरीवरून, अंगणात वाहत गेली आणि बराच वेळ थांबली नाही. आई खिडकीच्या गजाला धरून ती बघत होती. "बघ," ती म्हणाली, "किती होतं." मग भोंगा झाला, मग सुरुंग, आणि मांडणीवरची भांडी वाजली.

आत्या परत आली तेव्हा अंगणात काळा ओघळ वाळत होता. ती धुण्याची बादली घेऊन तशीच उभी राहिली. तिनं ओघळ बघितला, रांजण बघितला, माझा गुडघा बघितला. मी ओरडा खायला तयार होतो. मला तो हवाच होता. बादली ठेवून तिनं शेण आणलं आणि ओघळावरून सगळं अंगण सारवून काढलं. संध्याकाळी ती आईपाशी बराच वेळ बसली होती, दार लोटून. आईचा आवाज येत होता, आत्याचा येत नव्हता. अण्णा आले, त्यांनी भोक बघितलं, खाली वाकून त्यात बोट घालून पाहिलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून आत गेले.

दहाव्या दिवशी झाडाच्या बुंध्याजवळ दोन कोंब दिसले, तांदळाच्या दाण्याएवढे. ते मी आईला सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली. तिला बोलायला श्वास पुरत नव्हता. त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी, आत्या तिच्या पायांना तेल चोळत असताना ती गेली.

घरातला एकुलता मुलगा मी. खांद्यावर पाण्याचं मडकं मलाच घ्यायचं होतं. मागे उभं राहून ज्यानं दगड मारला तो अण्णांचा चुलतभाऊ. त्यानं तो मारायचा तसाच, हलका मारला. टक्. आणि पाठीवरून गार धार खाली आली. दुसऱ्या फेरीला पुन्हा, तिसऱ्या फेरीला पुन्हा. मी शिकलेला होतो, आईच्या शब्दांत एवढी पुस्तकं वाचलेला. एका आवाजाचा दुसऱ्या आवाजाशी काही संबंध नसतो हे मला तेव्हाही कळत होतं. ते कळण्याचा काहीही उपयोग झाला नाही, एवढंच मला या विषयावर सांगता येईल.

समारंभ तिच्या तेराव्याच्या आत आला. साहेब दुःखाला म्हणून घरी आले, चहा घेतला नाही, आणि निघताना झाडाकडे बघून घुटमळले. झाड आता हिरवं दिसत होतं. ते म्हणाले, "मी हे मानत नाही, दामोदरराव, पण सुतकातल्या घरातून... कोणी विचारलं तर..." अणू फोडायला निघालेल्या माणसांना आमच्या आत्याच्या इतकं जवळ आलेलं मी त्या एकाच वेळी बघितलं. अण्णा म्हणाले, "दुसरं देतो." ते उठले, कुंपणाशी गेले, पांढऱ्या कण्हेरीची बुडाशी फुटलेली एक बरी फांदी निवडून मुळासकट काढली आणि तिच्या कळ्या एकेक करून खुडून टाकल्या. ती सरक्याच्या वासाच्या पांढऱ्या बरणीत लावली गेली. पाहुणे आले, बरणीत झारीनं पाणी घातलं, शांततेवर बोलले, फोटो निघाले. भेट देणारी बाई तोवर मायदेशी परत गेली होती. गर्दीत कोणीही म्हटलं नाही की ही कण्हेर आहे. अण्णा मागच्या रांगेत डोकं भादरून उभे होते. महिन्याभरानं ते कायम झाले. हुकुमात कामगिरीबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. तो कागद त्यांनी झाड ज्यात आलं होतं त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवला, आणि माझ्या माहितीप्रमाणे पुन्हा उघडला नाही.

आत्यानं मीठ परत काढलं, पण पहिल्यांदा भाजीत पडलं त्या दिवशी आम्हाला तिघांनाही ती खारट लागली. ती मला वेळेवर वाढायची, माझे कपडे धुवायची, परीक्षेला निघालो की हातावर दही ठेवायची. फक्त ती माझ्याकडे बघत नसे. वाढताना ताटाकडे बघे, बोलताना दाराकडे. मी खोलीत आलो की तिचे डोळे दुसरीकडे जात. पहिल्या वर्षी मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. मग कळलं की हे ओसरणारं नाही. मी शिकलो, पालघरला शाळेत शिक्षक झालो, लग्न झालं, अण्णा गेले, आत्याला आणि रांजणाला मी पालघरच्या घरी घेऊन आलो. झाड छपराला लागलं. त्याला एकही फळ कधी आलं नाही. इकडच्या हवेत येत नाही म्हणतात. आत्या रोज त्याला अर्धा तांब्या पाणी घाली आणि मग कंबर धरून खाली वाके, भोकातून थेंब येतो का बघायला. आला की आत जाई. एवढं सगळं बघूनही मी तिला कधी विचारलं नाही. तिनं मला दोषी धरलंय याची मला इतकी खात्री होती की विचारणं म्हणजे शिक्षा पुन्हा ऐकणं झालं असतं.

तिच्या शेवटच्या वर्षात मोतीबिंदूनं तिची दृष्टी गेली. शस्त्रक्रियेला ती तयार झाली नाही. म्हणाली, जे बघायचं ते बघून झालंय. एका दुपारी मी तिच्या खाटेशी स्टुलावर बसून तिच्या पायांना तेल लावत होतो. तिनं विचारलं, "झाडाला पाणी घातलंस?"

"घातलं."

"खालून आलं?"

"आलं."

मग म्हणाली, "सुमतीनं मला भोक पाडलं त्याच सांजेला सांगितलं. मीच पाडायला लावलं म्हणाली. म्हणाली, वन्सं, माझं काय बरंवाईट झालं तर पोराकडं तसं बघू नका."

माझा हात थांबला.

"आता तसं म्हणजे कसं, ते मला काय ठाऊक? डोळे माझे. आत काय येईल त्यावर माझा काय ताबा व्हता? म्हणून मी बघितलंच नाय." तिनं अंगावरची चादर सारखी केली. "तिला शब्द दिला व्हता."

बाहेर रस्त्यावर कोणी भांड्यांना कल्हई लावणारा ओरडत गेला. मी पुन्हा तळहातावर तेल घेतलं.

"आता मला काय दिसत नाय," आत्या म्हणाली. "आता बघते."

आणि तिनं तोंड वळवलं. ते माझ्याकडे नव्हतं. माझ्या डाव्या बाजूला, दाराच्या कडीकडे होतं. मी उठलो, स्टूल उचललं, आणि ती बघत होती तिथं जाऊन बसलो.